मुलांच्या हाती मोबाइल : किती द्यावा, कसा द्यावा?



या पत्रिकेतून आम्ही बहुधा बेणे, लागण, खत, पाणी आणि तोडणी यांवरच लिहितो. या वेळी विषय निराळा आहे, पण तो उसाइतकाच घरचा आहे. गटसभांना गावोगाव जावे तर ऊसबिलाचा विषय संपला की दुसरा विषय हाच निघतो. "उसाचं आम्ही बघून घेऊ, पण पोराच्या हातातला मोबाइल कसा सुटंल ते सांगा," असे आयाबाया म्हणतात. लगेच दुसरे कोणी म्हणते, "सुटून कसं चालंल? शाळेचा अभ्यास त्याच्यावरच येतो ना!"

दोघांचेही खरे आहे. म्हणून मोबाइलला सरसकट शिव्या देणे किंवा सरसकट डोक्यावर घेणे, दोन्ही टाळून, या यंत्राने मुलाच्या सवयीवर आणि शिकण्यावर नेमके काय होते हे समजून घेऊ.

मोबाइल घरात शिरला कसा?

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. शिक्षक वर्ग घेऊ लागले मोबाइलवर. ज्यांच्या घरी साधा फोन होता त्यांनी उसनवारी करून मोठ्या पडद्याचा फोन आणला. कुणी उसाच्या बिलातून घेतला, कुणी केळीच्या पट्टीतून. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला राज्यात १ डिसेंबर २०२१ उजाडले. म्हणजे जे मूल २०२० च्या जूनमध्ये पहिलीत दाखल झाले, त्याने शाळेचा वर्ग नीट पाहिला तेव्हा ते दुसरीत होते. त्याला आधी पडदा कळला, फळा नंतर.

'प्रथम' ही संस्था 'असर' नावाने ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशी मुले देशात २०१८ साली शंभरात ३६-३७ होती. २०२२ साली ती जवळजवळ ७५ झाली. चार वर्षांत दुप्पट. आता याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. तिसरीत असून दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात २७ होती. २०२२ साली ती २० वर आली. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यावर २०२४ साली ती परत २७ झाली.

यातून आम्हांला उमगते ते असे. घराघरांत फोन वाढले त्या काळात वाचन घटले. त्याचा सगळा दोष फोनला देता येणार नाही, शाळाच बंद होत्या. पण बंद शाळेची जागा फोन भरून काढू शकला नाही, हे तर उघड आहे. मूल पुन्हा बाकावर बसले, समोर गुरुजी-बाई उभ्या राहिल्या, तेव्हा गाडी रुळावर येऊ लागली. ऊस उगवताना पडलेल्या नांग्या वेळेत भरल्या नाहीत तर खोडव्यापर्यंत त्या जागा रिकाम्याच दिसतात. पहिली-दुसरीतल्या नांग्यांचे तसेच आहे. त्या कोणत्या मुलांच्या राहिल्या हे अजूनही घरी तपासून पाहावे.

फायदा कोठे झाला?

आपल्या खानदेशाने या बाबतीत चांगले काम करून दाखवले आहे, ते आधी सांगितले पाहिजे. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या ११०३ शाळा डिजिटल करण्याचे काम झाले. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कला नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी त्यासाठी गावोगाव सभा घेतल्या, स्वतःचे पैसे घातले, आणि खर्चाचा मोठा भाग गावकऱ्यांनी वर्गणीतून उभा केला. ज्या गावाने स्वतः वर्गणी दिली, ते गाव आपल्या शाळेकडे लक्षही देते. सहकाराचा धडा आपण शेअर्स घेऊन शिकलो, तोच हा धडा.

तिकडे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड, म्हणजे फोनने वाचता येणारा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का, जोडला. पानावरचा शिक्का फोनला दाखवला की त्या धड्याची कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. आता बालभारतीच्या पुस्तकांतही असे शिक्के असतात. आपल्या मुलाच्या पुस्तकात ते आहेत का, ते मुलाला विचारा. फोनचा इतका सोपा आणि चांगला उपयोग घरात पडून असतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात समुद्र कोणी पाहिलेला नसतो. तिथे भरती-ओहोटी चित्रफितीत दिसली तर धडा पटकन समजतो. हृदय कसे चालते, इंग्रजी शब्दाचा उच्चार कसा करायचा, नवोदयच्या परीक्षेचे सराव प्रश्न कसे असतात, हे सारे शिकवणी न लावता मिळू शकते. हा फायदा कमी लेखू नये.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. मध्ये शिक्षक आहे, किंवा पुस्तक आहे, आणि काय बघायचे व कधी थांबायचे ते ठरलेले आहे. जिथे हे ठरलेले नसते तिथे मात्र गोष्ट बिघडते.

बिघडते कोठे?

पहिली गोष्ट, लक्ष. पुस्तकाला शेवटचे पान असते, सिनेमा तीन तासांत संपतो. फोनवरच्या छोट्या चित्रफितींना शेवटच नाही. एक संपण्याआधी दुसरी हजर. पुढची कशी निघेल हे माहीत नसते, म्हणून बोट थांबत नाही. कधी गंमतशीर निघते, कधी टाकाऊ. ही तऱ्हा सोडतीच्या तिकिटासारखी आहे. ती मुद्दाम तशी बनवलेली असते, कारण आपण जितका वेळ बघू तितक्या जाहिराती दाखवता येतात. तेव्हा "आमच्या पोराला मनावर ताबाच नाही" असे म्हणून मुलावर खेकसण्याआधी हे ध्यानात घ्यावे की समोरचा गडी फार तयारीचा आहे. ताबा मोठ्यांनाही राहत नाही.

अभ्यासाला बसलेल्या मुलाशेजारी फोन वाजला की फक्त तेवढा अर्धा मिनिट जात नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटले आहे की, एकदा लक्ष उडाले की ते पुन्हा अभ्यासावर बसायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासाभरात फोन तीनदा वाजला तर अभ्यास झाला किती, याचा हिशोब आपणच करावा. मोटार दर दहा मिनिटांनी बंद पडली तर पाणी सरीच्या टोकाला पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट, झोप. शेतीची वीज रात्रपाळीत आली की बाप मळ्यावर जातो. माय दिवसभराची थकलेली, लवकर झोपते. पोरगे पांघरुणात फोन घेऊन बारा-एकपर्यंत जागते. सकाळी शाळेत डोळे जड. दिवसभर जे शिकले ते पक्के बसण्याचे काम झोपेत होते. झोप तुटली की पाठांतरही तुटते. "शिकवलेलं राहत नाही" ही तक्रार करणाऱ्या घरी आधी मुलाच्या झोपेची वेळ विचारावी.

तिसरी गोष्ट, डोळे आणि अंग. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो. दुपारी मूल बाहेर सोडता येत नाही, म्हणून ते फोन घेऊन घरात बसते. ते एक वेळ समजू शकते. पण ऊन उतरल्यावरही ते उठत नाही, तिथे सवय लागली असे समजावे. लहान वयात उजेडात, मोकळ्यावर खेळणे कमी झाले की लांबचे कमी दिसण्याचा दोष वाढतो, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक वर्षाखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितके चांगले. आपल्याकडे तान्ह्या पोराला घास भरवताना फोन समोर धरण्याची चाल पडली आहे. मूल खाते खरे, पण जेवणाची चव घेत नाही आणि आईचा शब्दही ऐकत नाही. बोलणे शिकायचे वय तेच असते.

चौथी गोष्ट, आयते उत्तर. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यापाठोपाठ तशीच आणखी साधने. आता मराठीत विचारले तरी निबंध, गणित, अर्ज सारे तयार मिळते. ज्याला विषय आधी कळलेला आहे त्याला हे चांगले मदतनीस आहे. ज्याला कळलेला नाही त्याचे मात्र शिकणेच राहून जाते, आणि वही भरलेली दिसते म्हणून घरच्यांना समजतही नाही.

याचे एक उदाहरण घरचेच देतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. उतारा दर ०.१ टक्का वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात. मग उतारा ११.२५ टक्के असेल तर टनाला किती? आठवीतल्या पोराला कागद-पेन्सिल देऊन विचारा. एक टक्का म्हणजे ०.१ चे दहा भाग, दहा गुणिले ३.४६ म्हणजे ३४ रुपये ६० पैसे, त्यात ३५५ मिळवले की ३८९ रुपये ६० पैसे, आणि टनाला ३८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते ती वेगळी. ज्या पोराने हे हाताने केले त्याला टक्का, दशांश आणि बापाचे बिल तिन्ही समजले. ज्याने फोनला विचारले त्याच्याकडे फक्त ३८९६ हा आकडा आला. उद्या हिशोबात कुणी चूक केली तर ती त्याला दिसणार नाही. सभासदाच्या पोराला बिल तपासता येऊ नये, याहून मोठे नुकसान कोणते?

दहावी-बारावीचा पेपर अजून हातानेच लिहायचा असतो, दोन-दोन, तीन-तीन तास. लिहिण्याचा सराव नसला तर येत असलेले उत्तरही कागदावर उतरत नाही.

हाताने लिहिण्याची आपली परंपरा

साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत. एका माणसाने रोज उठून मुलांकरिता पाने लिहायची, आणि मुलांनी ती वाचायची. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. तीही साने गुरुजींनीच ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे. तिथे ध्वनिमुद्रण करणारे कोणते यंत्र नव्हते. कान देऊन ऐकणे, त्यातले मुद्द्याचे निवडणे आणि हाताने लिहिणे, एवढ्यावर ते काम झाले.

जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. यंत्र आले आहे, ते राहणार आहे. पण ऐकणे, निवडणे आणि लिहिणे या तीन सवयी ज्या मुलाला आहेत, त्याच्या हाती फोन दिला तर तो त्याला कामाला लावील. ज्याला त्या नाहीत, त्याला फोनच कामाला लावील.

सगळ्यांच्या घरी सारखे नाही

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांची माहिती आहे. शंभरात ८९ मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ जणांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे होते शंभरात ५७. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६. शिवाय, वापरता येणाऱ्या मुलांत स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात ३६, तर मुली २७. म्हणजे घरात फोन एकच असला की तो आधी मुलाच्या हाती जातो. मुलगा त्यावर खेळ खेळतो, आणि बारावीला असलेली बहीण तिच्या नोट्स बघायला रात्री उशिरा फोन मागते. हा हिशोब आपल्या घरात कसा आहे, ते ज्याचे त्याने पाहावे.

आणखी एक मुले आहेत. हंगामात टोळीबरोबर येऊन कोप्यांत राहणारी. त्यांच्या बापाजवळ फोन असतो, पण तो दिवसभर फडात, मुकादमाच्या फोनसाठी. शाळेने अभ्यास व्हॉट्सअॅपवर टाकला तर तो या मुलांपर्यंत पोहोचत नाही. त्यांना वर्गाशिवाय दुसरा आधार नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सांगतो की, दाखला आला नाही एवढ्या कारणाने मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. आपला ऊस तोडायला आलेल्या टोळीतले पोरगे आपल्या गावच्या शाळेत बसते आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीवरच्या सभासदांनी विचारावे. ती आपली जबाबदारी आम्ही मानतो.

एका गावाने काय केले?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. गावातले बहुतेक लोक शेतकरी किंवा साखर कारखान्यातले कामगार, म्हणजे आपल्यासारखेच. कोरोनानंतर मुले शाळेत परतली, पण वाचायला-लिहायला बसेनात, असे शिक्षकांच्या ध्यानी आले. गावाने आधी महिलांची सभा घेतली. मालिका आपणही फार बघतो, हे महिलांनी मान्य केले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की मोकळे. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून सांगत. त्या दीड तासात मुले अभ्यास करू लागली, घरची माणसे एकमेकांशी बोलू लागली.

यात मर्म असे की, बंदी एकट्या पोरावर नव्हती. बाप बातम्या बघतो, माय मालिका बघते आणि पोराला "अभ्यास कर" म्हणतात, असे तिथे राहिले नाही. सगळ्या गावाचा फोन एकाच वेळी बंद, त्यामुळे "त्याला चालतं, मला का नाही?" हा प्रश्नही उरला नाही. आपण कारखान्याच्या भोंग्यावर पाळी बदलताना आयुष्यभर पाहिली आहे. भोंगा झाला की वाद घालायचा नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मोठमोठे देशही याच विचारात पडले आहेत. स्वीडनने २०२३ पासून शाळांत पुन्हा छापील पुस्तकांवर जोर दिला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने बंदी आली. आपल्याला मात्र कायद्याची वाट बघत बसण्याचे कारण नाही.

घरी करण्याजोग्या गोष्टी

१) रोज दीड तास घरातले सर्व पडदे बंद. सात ते साडेआठ सोयीचे नसेल तर दुसरी वेळ धरा, पण रोज एकच असू द्या. मोठ्यांनीही पाळा.

२) जेवताना ताटाजवळ फोन नको. तान्ह्या मुलाला भरवताना तर नकोच.

३) रात्री सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला लावा. मुलाच्या उशाशी ठेवू नका.

४) अभ्यासाला फोन लागत असेल तर आधी विचारा, "काय बघायचंय आणि किती वेळ?" काम झाले की फोन परत घ्या. काय पाहिले ते तोंडी सांगायला लावा. सांगता आले तर शिकला, नाही तर नुसता बघितला.

५) ऊसबिल बँकेत येते आणि बँक फोनमध्ये असते. पैसे पाठवण्याचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ साली बंदीचा कायदा केला आहे, तरी आडमार्गाने येणाऱ्या अॅपवर नजर असावी.

६) शेताची वही मुलाकडे सोपवा. लागणीची तारीख, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या, काटा पावतीचे वजन, बिलाची रक्कम त्याने हाताने लिहावी. त्यात भाषा, गणित आणि शेती तिन्ही येतात, आणि आपलाही हिशोब राहतो.

७) घरातल्या मुलीला अभ्यासासाठी फोन वेळेवर मिळतो की नाही, ते पाहा.

शेवटी एवढेच सांगतो. ऊस हे पाण्याचे पीक, पण म्हणून पाटाचे पाणी बेसुमार सोडले तर जमीन खारावते, मुळ्या सडतात, टन घटतात. हे कळायला आपल्याला काही वर्षे लागली. मग ठिबक आले. विहीर तीच, पाणी तेच, पण मुळाशी, मोजून आणि वेळेवर. मोबाइलचेही तसेच करावे लागेल. मळ्यात कॉक कोणी आणि कधी फिरवायचा हे आपण ठरवतो, ते मुलाच्या बाबतीतही आपणच ठरवावे.

आपल्या गावात असा भोंगा किंवा ठरलेला दीड तास सुरू करायचा असेल तर ग्रामसभेत विषय घ्या, शाळेच्या गुरुजी-बाईंना बरोबर घ्या, आणि अनुभव या पत्रिकेकडे लिहून पाठवा. शक्य तर तो आपल्या मुलाच्या हस्ताक्षरात पाठवा. आम्ही तो आनंदाने छापू.